चौथी कड

थंडी आली की लोकांना हुरडा आठवतो, शेकोटी आठवते. मला भीती आठवते. हैदराबादची थंडी ती केवढी, पहाटे एक शाल आणि दुपारी पुन्हा पंखा. तरी मार्गशीर्षात पहिल्यांदा फरशी गार लागली की ही भीती परत येते. यंदा ती जरा जास्तच आली, कारण माझ्या लेकीला, स्नेहाला, दिवस गेलेत. ती आणि जावई शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, त्या काचेच्या इमारतींच्या बाजूला राहतात. परवा तिचा फोन आला.

‘आई, बाळाची कॉट आली. जोडूनपण झाली. आता फक्त तुझं दुपटं राहिलं.’

‘बघू,’ मी म्हटलं.

‘बघू काय? अख्ख्या अंबरपेठेला शिवून दिलंस. मला नाही देणार?’

देणार नाही असं कोण म्हणतंय. पण अजून दोन-अडीच महिने आहेत, आणि सुईत दोरा ओवायला घेतला की माझी बोटं गार पडतात. हे तिला फोनवर कसं सांगायचं? मी भाजी करपतेय असं सांगून फोन ठेवला. गॅसवर भाजी नव्हतीच.

मी मुळातच भित्री. कुकरची शिट्टी व्हायच्या आत मी स्वयंपाकघराबाहेर असते. अवेळी दार वाजलं की कोण गेलं असेल, हाच पहिला विचार. आमचे हे चिडवायचे, ‘तुला उद्या लॉटरी लागली तरी तू आधी रडशील.’ खरं आहे. पण त्या एका हिवाळ्यात मी जी घाबरले ती काही चेष्टेची गोष्ट नव्हती.

देशात नवं वारं आलंय असं पेपरवाले लिहायचे ते दिवस. नारायणगुड्याच्या दुकानांत फुगीर, चकचकीत रजया प्लास्टिकच्या पिशव्यांतून लटकायला लागल्या होत्या. कोपऱ्याकोपऱ्यावर फोनचे बूथ उघडले होते. ह्यांच्या सरकारी कारखान्यात, कुणाला ठेवणार नि कुणाला काढणार अशी कुजबुज सुरू होती, त्यामुळे ह्यांची झोप वेगळ्या कारणानं उडालेली. आम्ही दोघं आपापली भीती घेऊन जेवायला बसायचो आणि वरणात मीठ कमी आहे का, एवढंच बोलायचो.

माझा दिवस मात्र ठरलेला होता. सकाळी नानकटाईचं पीठ मळायचं. पिठीसाखर आणि तूप हातानं फेसता फेसता मनगट भरून यायचं, मग त्यात मैदा, थोडा रवा, वेलदोडा. गल्लीच्या तोंडाशी रशीदभाईंची बेकरी होती. सकाळचे पाव निघून गेले की त्यांच्या भट्टीत जाळ नसायचा, पण विटांत ताप राहायचा, आणि त्या उतरत्या तापावर नानकटाई फार सुरेख होते. दुपारी गल्लीतल्या बायका घरी मळलेलं पीठ घेऊन तिथं जायच्या. मीही जायची. कुणाकडे बारसं, कुणाकडे पाहुणे, अशा घरांची नानकटाई माझ्याकडेच असायची. पत्र्यावर गोळे मांडून दिले की रशीदभाई लांब दांड्याच्या फळीनं पत्रा आत सरकवायचे, आणि मी भट्टीच्या भिंतीला पाठ लावून मांडीवर दुपटं पसरायची. एक पत्रा भाजून निघेपर्यंत धावदोऱ्याच्या दोन-तीन ओळी व्हायच्या. पाठीला ऊब, नाकात वेलदोडा, हातात मऊ जुनं लुगडं. सुख म्हणतात ते हेच असावं. पण सुखात बसलं की मला लगेच भीती वाटते, त्याला काय करणार.

गोधड्या मी सगळ्याच शिवायची, पण माझं नाव होतं ते बाळांच्या दुपट्यांसाठी. त्याची एक रीत होती. बाळ जन्मल्याचा निरोप आला, की मग त्या घरातलं कुणीतरी आजीची, पणजीची धुवून धुवून विरलेली लुगडी घेऊन यायचं. मी पाचवीच्या आत एखादं आणि बारशापर्यंत बाकीची शिवून द्यायची. आधी कुणी आणायचं नाही, आधी कुणी मागायचं नाही. आधी शिवलं तर काय होतं, हे कुणी बोलत नसे. मला ते माहीत होतं, कारण मी आधी शिवलं होतं.

पहिल्या वेळची गोष्ट. हातात कला होती आणि अंगात हौस, कुणाचं ऐकते मी? माझ्या बाळासाठी चिमण्यांची, पोपटांची, चौकोनी ठिगळांची दुपटी शिवून त्यांची चवड लावली. दिवस भरायच्या आधीच ते गेलं. मुलगा होता. दवाखान्यातून घरी आले तेव्हा ती चवड कपाटात तशीच होती. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आत्याबाई म्हणायचो, ती उचलून घेऊन गेल्या. त्या व्हरांड्यात बसल्या आणि ब्लेडनं एकेक टाका उसवायला लागल्या. मला शिवायला जितके दिवस लागले त्याहून त्यांना उसवायला जास्त लागले. मग सगळं कापड धुऊन, वाळवून माझ्या चिंध्यांच्या बोचक्यात टाकलं. पुढे कितीतरी दिवस, दुसऱ्या कुणाच्या बाळासाठी ठिगळ शोधताना हाताला एखादा तुकडा लागायचा. उजेडात धरला की त्यात सुईच्या भोकांची रांग दिसायची. तो तुकडा मी घडी करून पुन्हा तळाशी ठेवायची.

म्हणून दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा आत्याबाईंनी घराला नियम घातला. ‘दोरासुदिक न्हाई. टोपडं न्हाई, कुंची न्हाई, नाव न्हाई. पोटातलं लेकरू अजून आपलं झालंय का? झाल्यावर बघू.’ मला तो नियम फार आवडला. माझी भीती कुणीतरी हातात घेतली असं वाटलं. पण ती घेतली कुठली जाते. न्हाणीघरात जाताना धडधड, येताना धडधड. पाय मुरगळला तर? जिना चढताना दम लागला, तो बरा की वाईट? बाळ हललं की जीव भांड्यात पडायचा, आणि पुढच्या क्षणी मी ते पुन्हा कधी हलतंय याची वाट बघत बसायची. दिवसभर जगातल्या सगळ्या बाळांची दुपटी शिवायची आणि आपल्या पोटावर नुसता हात ठेवायचा, तोही हलकाच.

अशात शहरातल्याच हिमायतनगरहून विजयम्मा आल्या. त्यांच्या नणंदेच्या नातवाला मी शिवून दिलं होतं. विजयम्मांची मुलगी अमेरिकेत, तिला सातवा लागलेला. बाळंतपणाला त्या विमानानं जाणार होत्या आणि जाताना दुपटं न्यायचं होतं. पिशवीत त्यांच्या आईची दोन सुती लुगडी होती, इतकी मऊ की बोटातून सांडत होती.

आत्याबाई पीठ चाळत होत्या. चाळण थांबली. ‘बाळ झालं का?’

‘अभी कहाँ अम्मा. जनवरी में होता बोले.’

‘मग आत्ता न्हाई शिवायचं.’

विजयम्मा हसल्या. ‘वहाँ सब पहले से तैयार रखते अम्मा. बच्चे का कमरा रंग मारके रखे. पालना भी आ गया.’

‘रंग मारू द्या. दुपटं न्हाई.’

मला नाही म्हणायला काय हरकत होती? पण त्यांचा चेहरा पडला तो मला बघवेना. लेक तिकडे एकटी, ही इथं एकटी, आणि मध्ये एवढा समुद्र. त्या गुपचूप लुगडी पिशवीत परत घालायला लागल्या, तेव्हा आत्याबाईच म्हणाल्या, ‘थांबा जरा.’ मग माझ्याकडे वळून, ‘तीन कडा शिव. चौथी सोड. कड मोकळी हाय तवर ते दुपटं न्हाई, नुसतं कापडच हाय. बाळ झालं की तिथं शिवा म्हणावं.’

अशी कुठली रीत आमच्या गावाकडे, उदगीरला, नव्हती. ती आत्याबाईंनी त्या चाळणीवर बसल्या बसल्या काढली. पण सांगितली अशा आवाजात, की त्यांच्या पणजीच्या पणजीपासून चालत आली असावी.

ते दुपटं मी भट्टीच्या भिंतीशी बसून शिवलं आणि प्रत्येक टाक्याला घाबरले. न जन्मलेल्या बाळाचं कापड माझ्या न जन्मलेल्या बाळावर पसरलेलं. सुई बोटाला लागली, रक्ताचा ठिपका आला, तो कापडाला लागू नये म्हणून मी हात असा झटकला की रशीदभाई धावत आले. तीन कडा झाल्या. चौथीशी सगळे थर मोकळे राहिले, पोळीचे पदर सुटावेत तसे. मी सुईत लांब दोरा ओवून ती सुई तिथंच टोचून ठेवली.

विजयम्मा न्यायला आल्या तेव्हा मी त्यांना ती कड दाखवली आणि म्हटलं, ‘बाळ झाल्यावरच टाका मारा.’ या वेळी त्या हसल्या नाहीत. सुई नीट रुमालात गुंडाळली आणि हळूच म्हणाल्या, ‘मेरे को भी डर लगता ना. किसको बोलूँ?’ आमच्या घरी फोन नव्हता, म्हणून रशीदभाईंच्या बेकरीत नवा फोनचा बूथ झाला होता, त्याचा नंबर मी त्यांना दिला. बाळ झालं की कळवते म्हणाल्या.

आणि मग माझं डोकं जे फिरलं ते फिरलं. ते बाळ नीट आलं तर माझं नीट येईल, असं मनानं घेतलं. कोणी सांगितलं? कोणी नाही. भीतीला कुणी सांगावं लागतं का. विमानात वेळ जात नाही म्हणून विजयम्मांनी ती कड शिवून तर टाकली नसेल? लेकीनं उघडी कड बघून मशीनवर मारून घेतली असेल? तिकडे माणसं फार नीटनेटकी असतात म्हणे. एक दोरा इथून निघून तिकडे गेलाय आणि त्याच्या दोन टोकांना दोन बाळं आहेत, असं मला दिसायला लागलं. हे मी ह्यांना सांगितलं नाही. त्यांच्या कारखान्यातून रोज कुणी ना कुणी बातमी आणत होतं, त्यात ही माझी आणखी कशाला?

मी रोज बेकरीत जायची. पीठ असो नसो. रशीदभाईंनी ओळखलं होतं.

‘भाभी, फोन नै आया. आया तो मैं खुद घर को आके बोलतूं. तुम इत्ता चलको नक्को आओ.’

‘हौ,’ म्हणून मी भिंतीशी बसायची. बूथमधला फोन वाजला की माझा हात सुईसकट थांबायचा. बहुतेक वेळा कुणाचा तरी दुबईचा भाऊ असायचा.

एका दुपारी पत्रा आत गेला, मी दोरा ओवला आणि एकदम लक्षात आलं, बाळ सकाळपासून हललेलं नाही. आठवून बघितलं. पीठ मळताना? नाही. आंघोळीला? नाही. मी पोटावर हात ठेवला, दाबला, कुशीवर कलले. काही नाही. कानात भट्टीचा आवाज यायला लागला, आणि भट्टीला तर तेव्हा आवाजही नव्हता.

‘काय झालं गं?’ आत्याबाई म्हणाल्या. त्या दिवसांत त्या माझ्याबरोबरच यायच्या, पिठाचा डबा मला उचलू द्यायच्या नाहीत.

‘हलत नाही. सकाळपासून.’

त्या भट्टीकडे वळल्या. ‘रशीदभाई, एक गरम बिस्कुट द्या जल्दी. गोड पायजे.’

‘अभी कच्चे हैं अम्मा.’

‘कच्चंच द्या.’

त्यांनी पत्रा ओढून एक नानकटाई काढली. अर्धकच्ची, चटका लागेल इतकी गरम. मी ती खाल्ली. तोंड पोळलं, चव कळली नाही. आत्याबाईंनी माझ्यासमोर फतकल मारली आणि दोन्ही तळवे माझ्या पोटावर ठेवले. त्या ओठांतल्या ओठांत देवाचं नाव पुन्हा पुन्हा घेत होत्या. तोपर्यंत मला वाटायचं, त्यांना भीती कशाचीच वाटत नाही. रशीदभाई आमच्याकडे पाठ करून उगाच राख ओढत राहिले. मी त्या पहिल्या मुलाचा विचार करायचा नाही म्हणून भिंतीवरच्या विटा बघत होते, आणि त्याचाच विचार करत होते.

मग ते हललं. डाव्या बाजूला, चांगलं दणक्यात. आत्याबाईंच्या तळव्याला कळलं. त्यांनी डोळे मिटले आणि तशाच बसून राहिल्या. ‘झोपलं होतं मेलं,’ त्या म्हणाल्या, आणि लगेच जीभ चावून स्वतःच्या गालावर चापट मारली. तेवढ्यात जळका वास आला. पत्रा सगळेच विसरले होते. सगळी नानकटाई काळी ठिक्कर पडली होती. रशीदभाईंच्या भट्टीत असं आजवर झालं नव्हतं, ते स्वतःच म्हणाले, आणि काळ्या नानकटाया वेचून खाऊ लागले, जणू ती तशीच करायची असते.

फोन आला तो त्यानंतर काही दिवसांनी. रशीदभाई शब्द दिल्याप्रमाणे स्वतः आले, हाताला पीठ तसंच. ‘भाभी, अम्रीका से फोन था. पोट्टी हुई बोले. माँ-बच्ची दोनों अच्छे हैं. और बोले, अब जाके टाका मार दिए बोलो उनको.’

मी दाराची चौकट धरली. आत्याबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि रशीदभाईंच्या हातावरही ठेवली. किती हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही, चहा होईपर्यंत. कप धुता धुता दुसरी भीती आली. तिकडे सगळं नीट झालं म्हणजे इथलं संपलं का? देणाऱ्यानं एकाच्या पदरात एवढं घातलं, दुसरीसाठी उरलं असेल का? हसू येतं आता. तेव्हा मी नळ चालू ठेवून रडले, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

संक्रांतीच्या आधी, दिवस भरायला थोडे बाकी असताना, भल्या सकाळी पीठ मळता मळता कळा सुरू झाल्या. आत्याबाईंनी माझे तुपाचे हात तसेच पदरानं पुसले आणि रिक्षा केली. जवळचाच लहानसा दवाखाना. ह्यांना पहिल्या पाळीवरून बोलवायला माणूस पाठवला. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. छताचा पंखा, नर्सच्या हातातल्या बांगड्या, माझी ओरड. मग एक शांतता, आणि त्या शांततेत मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. मग ती रडली.

‘बच्ची का कपडा कहाँ है?’ नर्सनं विचारलं.

आत्याबाईंनी रिकामे हात पुढे केले.

‘कपडा अम्मा, लपेटने को. इत्ते दिन क्या कर रहे थे तुम लोगां?’

इतके दिवस काय करत होतो, याचं उत्तर आमच्यापैकी कुणाला देता आलं असतं? सगळ्या गल्लीच्या बाळांची दुपटी आमच्या घरातून गेलेली, आणि आमच्या बाळासाठी घरात हातभर चिंधी नव्हती. आत्याबाई चप्पल न घालता पळाल्या. त्या घरी गेल्याच नाहीत, घरी होतं काय? बेकरीच्या मागे रशीदभाईंचं घर, तिथून त्यांच्या नातवाचं एक दुपटं मागून आणलं. माझ्या हातचं नव्हे. बाजारचं, मशीनवर शिवलेलं, पिवळं, त्यावर बदकं. गोधडीवालीच्या मुलीच्या अंगाला लागलेलं पहिलं कापड ते. गल्लीनं त्यावरून मला कितीतरी वर्षं छळलं.

आत्याबाई आता नाहीत. बेकरीच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. मी अजून शिवते, डोळे साथ देतात तेवढं. स्नेहाला त्या हिवाळ्यातलं मी कधी सांगितलं नव्हतं. बदकांचं माहीत होतं, ती गंमत म्हणून. आधीच्या मुलाचं नाही, चौथ्या कडेचं नाही. काल तिचा पुन्हा फोन आला, पुन्हा दुपट्याचं काढलं, आणि माझ्याकडे करपायला भाजी उरली नाही. मग सगळंच सांगितलं. 

‘आई,’ ती म्हणाली, ‘आजी बेकरीतून परत येईपर्यंत मी कशात होते?’

‘कशातच नाही. नर्सनं तुला पुसलं आणि माझ्या छातीवर ठेवलं. तुझ्या माझ्यात काही नव्हतं.’

‘गार पडले असेन.’

‘नाही पडलीस. मी होते ना.’ आणि मला ते पुन्हा अंगावर जाणवलं, तिचं ते ओलं, कोमट वजन, माझ्या गळ्याखाली चाललेला तिचा श्वास. त्या सगळ्या हिवाळ्यात तेवढा वेळ मला भीती वाटली नव्हती. हेही मी तिला सांगितलं.

मग ती एकदम बारीक आवाजात म्हणाली, ‘मी रोज काहीतरी मागवते, आई. कॉट, पडदे, बाटल्या. खोली भरली. वाटतं, सगळं तयार ठेवलं की नीट होईल. तरी भीती जात नाही गं.’

‘घाबरू नकोस’ हे माझ्या ओठांवर आलं होतं. मला ते त्या वेळी सगळ्यांनी म्हटलं होतं, आत्याबाई सोडून. मी ते गिळलं. ‘मी येते तुझ्याकडे राहायला,’ म्हटलं. ‘बाळ होईपर्यंत.’

‘कधी?’

‘आज. हे आले की निघते.’

‘बाबांसाठी थांबू नको,’ ती म्हणाली. ‘आत्ताच नीघ.’